पळत्या घोड्यांचा सूड

लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा मी स्वतःला लई शहाणी समजत होते. धाकट्या दिरांनी बुद्धिबळाचा पट मांडला आणि मी सुरुवातीलाच वजीर काढून थेट त्यांच्या अंगावर घातला. त्यांनी तो साध्या प्याद्यानं खाल्ला. हिरवा चुडा, नवी साडी आणि तोंडाचा वासलेला आ! काय ध्यान दिसत असेन.

तेव्हापासून पाहुणा आला की भावजी सुरू. "आमच्या वहिनींचा वजीर प्याद्यानं खाल्ला!" बारशात तेच, साखरपुड्यात तेच, माझ्या लेकीच्या सासरच्यांपुढंही तेच. मी हसून चहा द्यायची आणि आत जाऊन शेंगांची चटणी अशी कुटायची, की उखळालाही कळावं डोकं कुणाचं आहे ते.

यंदा नातीनं कॉम्प्युटरवर जुन्या काळच्या लढायांचा खेळ आणला. निवृत्त भावजी रोज संध्याकाळी येऊन तोच खेळायला लागले. मी दुपारी गुपचूप शिकले. घोड्यावरचे तिरंदाज घेतले आणि नेऊन घातले सरळ भालेवाल्यांवर. नात ओरडली, "आजी, ते भिडायला नाहीत गं! लांबून बाण मारायचे आणि पळायचं."

म्हणजे म्हातारी झाले तरी मी अजून वजीरच काढत होते की!

मग माहेरचा माळ आठवला. आमची मेंढरं होती. लांडगा कळपावर सरळ येत नाही. एक जण कुत्र्यांना दिसेल असा उभा राहतो, पळतो, थांबून मागं बघतो. कुत्री चेकाळून त्याच्यामागं जातात आणि दुसरा ओढ्यातून येऊन कोकरू उचलतो.

रविवारी भावजींचे व्याही यायचे होते. आदल्या संध्याकाळी मी म्हटलं, "या की भावजी, एक लढाई होऊन जाऊ दे. हरलात तर वजिराची गोष्ट बंद. उद्या व्याह्यांना आजची सांगायची, तुमच्याच तोंडानं."

"आणि तुम्ही हरलात तर?"

"वजिराची मीच सांगीन, नक्कल करून."

माझी एक तुकडी पुढं गेली, बाण सोडले आणि पळाली.

"पळता काय वहिनी? उभ्या राहा की!"

"भीती वाटते हो," मी म्हटलं.

चेकाळले. चिलखती घोडदळ सोडलं माझ्यामागं. त्यांची जड घोडी दमत चालली, माझी पोरं पळता पळता मागं वळून बाण मारत राहिली. घोडदळ लांब गेल्यावर टेकडीमागची दुसरी तुकडी काढली. त्यांचा सेनापती पायदळाच्या मागं एकटा उभा होता. कोकरूच. उचललं, लढाई संपली.

रविवारी व्याही बसले, चहा आला. भावजींनी खाकरून घसा साफ केला. "काल आमच्या वहिनींनी... म्हणजे खेळच तो... मी हरलो."

मी दारातून चटणीची वाटी घेऊन पुढं आले.

"अहो भावजी, बाई पळाली म्हणून तुम्ही मागं धावलात, ते सांगायचं राहिलं की. पहिल्यापासून सांगा. व्याह्यांना अजून भाकरी वाढायची आहे, घाई नाही."