माहेर विचारणारा फोन

माझं काम नेमकं काय, हे मी सासूबाईंना कितीदा तरी समजावून सांगितलंय. शेजारणीने विचारलं की त्या सांगतात, "आमची सून फोनमधली बटनं कुठं बसवायची ते ठरवती." आता मी त्यांना दुरुस्त करायचं सोडून दिलंय, कारण त्यात फारसं चुकीचं काही नाही. माणूस फोनवर कुठे अडखळतो, कुठे घाबरतो, कुठे वैतागून फोन आपटतो, ते बघायचं आणि तिथली अडचण काढून टाकायची, हे माझं काम. पुण्याच्या एका कंपनीसाठी मी ते बीड जिल्ह्यातल्या सिरसाळ्यात, सासरी बसून करते.

गंमत अशी की हल्ली बटणंच जायला लागली आहेत. आमच्या धंद्यात सध्या एकच जप चालू आहे: पडदा नको, बटण नको, माणसाने बोलावं आणि यंत्राने ऐकावं. येता-जाता कुणीतरी त्यावर सादरीकरण करतं. कुठेतरी दूर एखादी गोष्ट चालली की आपणही डोळे मिटून तीच करायची, याचा मला भारी राग आहे. पण या वेळी ही बोलायची टूम माझ्याच कामाची होती, म्हणून मी ती घट्ट धरून ठेवली.

ऊसतोडीला जाणाऱ्या गरोदर बायकांसाठी आम्ही एक फोनसेवा तयार करत होतो. त्यासाठी कुठलं ॲप उतरवून घ्यायला नको, महागडा फोन नको. बटणांचा जुना फोनही चालणार होता. गाव सोडण्याआधी बाईने एकदा त्या नंबरवर बोलून स्वतःची नोंद करायची. तपासण्या कुठे झाल्या, अंगात रक्त किती आहे, आधीची बाळंतपणं कशी झाली, हे यंत्र विचारणार आणि ती सांगणार. पुढे उसाच्या फडात कळा सुरू झाल्या की तिने कुणाच्याही फोनवरून तोच नंबर लावायचा आणि फड कुठला ते सांगायचं. यंत्र तिची नोंद काढून जवळच्या दवाखान्याला कळवणार आणि गाडी पाठवणार.

हे काम मी भांडून मागून घेतलं होतं, ते आक्कासाठी. आक्का म्हणजे माझी थोरली चुलत जाऊ, आमच्या मागच्याच गल्लीत राहते. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. तो तोडतो, ती मोळ्या बांधते आणि डोक्यावरून वाहून गाडीत भरते. दोघांतलं एक घरी राहिलं की जोडी मोडते, म्हणून पोटुशी असली तरी बाई निघतेच. मागच्या हंगामात आक्काला फडातच कळा आल्या. तिचा नवरा, म्हणजे आमचे भाऊजी, ऊस खाली करायला कारखान्यावर गेलेले, घरातला एकुलता फोन त्यांच्या खिशात, तपासणीचं कार्ड इथे सिरसाळ्यात. दवाखान्यात पोचेस्तोवर फार वेळ गेला आणि बाळ गेलं. परत आल्यावर आक्काने माझ्याकडे येऊन फक्त शिवायला सुई मागितली, आणि मी ती देताना रडले.

या वर्षी तिला पुन्हा दिवस गेले होते. दसरा झाला की तोडकऱ्यांची टोळी निघणार होती आणि ती जाणार होती, त्यावर चर्चा नव्हती. मी तिला साधा फोन आणून दिला, तिच्या एकटीचा. टोळी निघायच्या आत तिची नोंद तिच्याच तोंडून झाली पाहिजे, एवढं मी मनाशी पक्कं केलं होतं.

यंत्राने विचारायचे प्रश्न पुण्याहून ठरून आले. मी गल्लीतल्या सात-आठ जणींना नंबर दिला आणि सांगितलं, सवडीने घरून फोन लावा, काय होतं ते बघू. तुमचं बोलणं मी नंतर ऐकणार आहे. मी मुद्दाम त्यांच्या जवळ बसले नाही. मी समोर असले की बायका मला बरं वाटावं म्हणून सगळं छान आहे म्हणतात.

आठवड्याने पुण्याचा निरोप आला. जवळपास सगळे फोन तिसऱ्या प्रश्नाला तुटले होते. कारण त्यांनीच शोधून ठेवलं होतं: आजूबाजूचा गोंगाट. परळीच्या वीजकेंद्रातून राखेच्या गाड्या आमच्या रस्त्याने धडधडत जातात, हे त्यांना माझ्याच मीटिंगांमधून माहीत होतं. तेव्हा आवाज गाळणारं काहीतरी नवीन बसवू, असं ठरत होतं. त्याला दोन महिने लागले असते आणि टोळी काही थांबणार नव्हती. मी म्हटलं, आधी मला ऐकू द्या.

दार लावून मी एकेक फोन ऐकला. एकात कुकरची शिट्टी होती, एकात शेळी ओरडत होती, पण बोलणं सगळ्यांचं स्वच्छ होतं. आक्काने तर नाव आणि गाव शाळेत हजेरी दिल्यासारखं खणखणीत सांगितलं होतं. मग यंत्रातली बाई गोड आवाजात म्हणाली, "आता तुमच्या पतीचं संपूर्ण नाव सांगा."

पुढे नुसत्या बांगड्या वाजल्या. मागून तिच्या सासूचा आवाज आला, "काय इचारती गं ती?"

"काय न्हाई, आत्याबाई," आक्का पुटपुटली.

"आपला आवाज आला नाही. कृपया पुन्हा सांगा."

पुन्हा नुसत्या बांगड्या.

"आपला आवाज आला नाही. धन्यवाद." आणि फोन बंद. वर धन्यवाद म्हणायची हौस!

दुसरी एक जण यंत्रालाच म्हणत होती, "कावून इचारती बाई तू? तुला काय करायचंय?" तिसरी नुसतीच खुदखुदली. आणि एकीने, जिला हजरजबाबी म्हणून सगळी गल्ली ओळखते, तिने सरळ उखाणा घेतला, "महादेवाच्या पिंडीवर बेलाचं पान" पासून सुरुवात करून. यंत्राने तिच्या नवऱ्याचं नाव म्हणून महादेवाची पिंड लिहून ठेवली होती. मी पोट धरून हसले, आणि हसता हसताच माझं डोकं तापलं.

कारण हे मला कुणी सांगायला नको होतं. पुण्याला ऑफिसात गेले की मी नवऱ्याचं नाव बिनधास्त घेते. सिरसाळ्यात उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं की "अहो" होतं, आणि सासूबाई बसल्या असतील तर तेही हळू. प्रश्नांची यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा मी पुण्याची होऊन वाचली. कागदावर त्या प्रश्नात काही वावगं नव्हतं. बाजेवर फोन ठेवून, शेजारी सासू बसलेली असताना, मोठ्याने त्याचं उत्तर द्यायचं म्हटलं की जीभ उचलत नाही.

मीटिंगमध्ये मी हे सांगितलं तेव्हा आमच्या प्रमुख बाई म्हणाल्या, "अगं, पण आजच्या काळात?"

"आजच्याच काळात," मी म्हटलं. "तीच बाई दुपारी फोनवर रील बघते आणि तीच सासूदेखत नवऱ्याचं नाव घेत नाही. दोन्ही आजच चाललंय."

त्यांचा पुढचा मुद्दा मात्र खरा होता. एका गावात एकाच नावाच्या चार बायका असतात. नवऱ्याचं नाव काढलं तर कोणती कोण, हे यंत्राने कसं ओळखायचं? भलतीच माहिती दवाखान्यात गेली तर जिवावर बेतेल. मी विचार करत होते, तेवढ्यात एका सहकाऱ्याने सुचवलं, मग नवऱ्यांनाच नोंद करू द्या की, त्यांना आपलं नाव सांगायला कसली लाज.

माझा आवाज चढला. "मागच्या वर्षी फोन नवऱ्याच्या खिशात होता, म्हणून माझ्या घरातलं एक मूल गेलंय. ही नोंद बाईच करणार. काय विचारायचं ते मी आणून देते, तुम्ही फक्त दसऱ्याच्या आत बसवा." काय विचारायचं, ते मलाही अजून ठाऊक नव्हतं.

दोन दिवसांनी आईला बरं नव्हतं म्हणून मी चौसाळ्याला निघाले. एसटीत खिडकी धरून मी तोच विचार करत होते. शेजारच्या बाईने टोपली पायाशी सरकवली, पदर नीट केला आणि पहिलाच प्रश्न टाकला, "म्हायेर कुठलं, बाई?"

"चौसाळा!" तिचा प्रश्न पुरता व्हायच्या आत मी सांगून टाकलं, आणि वर आमचं घर हायवेपासून किती आत आहे, हेही. ती हसली आणि तिने आपलं सांगितलं. तिचंही बोलणं लगेच थांबेना. सासूदेखत, दिरादेखत, भर बाजारात, कुणीही विचारलं तरी आमच्या बायका हे एक उत्तर मान वर करून देतात. नाव, सासर आणि माहेर तिन्ही तंतोतंत सारखी असलेल्या दोघी सापडणं कठीण, आणि सापडल्याच तर वय होतंच. मी गाडीतूनच पुण्याला निरोप धाडला.

प्रमुख बाईंना ते पटलं. पण आता यंत्राला आमच्याकडची गावं आमच्या बायकांच्या तोंडून कळायला हवी होती. त्याचे कान शहरी बोलण्यावर घडलेले. म्हणून आईची तब्येत सावरताच मी चौसाळ्यात दारोदार फिरले, मग सिरसाळ्यात, मग आसपासच्या वस्त्यांवर. जी भेटेल तिला म्हणायचे, माहेर सांगा, आणि तिच्या परवानगीने आवाज भरून घ्यायचे. ऊन मी म्हणत होतं. सासूबाईंनी एकदा विचारलं, "ह्ये बी बटनातच येतं व्हय?" मी हो म्हटलं. पुण्याकडून कुणी "जमेल का बघू" म्हणालं की मी तिथल्या तिथे फोन करून "बघू नका, करा" म्हणत होते. दसऱ्याला सोनं वाटायला गेले तेव्हाही कानाला फोन होता.

टोळी निघायच्या आदल्या दिवशी काम झालं. आक्काच्या दारात पीठ, भांडी, अंथरुणं यांची बाचकी बांधून ठेवली होती. तिने उभ्यानेच नंबर लावला. सासू तिथेच होती. यंत्राने माहेर विचारताच आक्काने गावाचं नाव सांगितलं आणि पुढे म्हणाली, "तसं लई लांब न्हाई. माजा भाऊ असतो ना तितं." यंत्राने गावाचं नाव बरोबर उचललं, पुढचे प्रश्न विचारले आणि नोंद झाल्याचं सांगितलं.

"झालं? येवढंच?" तिने मला विचारलं.

"एवढंच. कळ आली की हाच नंबर. भाऊजींची वाट बघायची नाही."

मग हंगाम सुरू झाला. मी दुसऱ्या कामात होते, पण लक्ष सारखं फोनकडे. सासूबाई दोनदा म्हणाल्या की तू लई वाळलीस. मला त्या दिवसांत जेवण गोड लागत नव्हतं, हे खरं.

एके दिवशी दुपारी भांडी विसळत असताना आक्काचा फोन आला. पलीकडे गलका होता, बहुतेक दवाखान्याचा. मी "आक्का?" म्हटलं आणि नळ बंद केला.

"पोरगी झाली," ती म्हणाली. "चांगली हाय. मी बी हाय."

मी तिथेच ओल्या फरशीवर बसले आणि मोठ्याने रडले. आक्काने मला थोडं रडू दिलं आणि मग तिचा आवाज चढला.

"पर काय गं, तुजी ती बाई लई शानी! मला कळा सुरू झाल्यात, शेजारी ट्रॅक्टर बोंबलतोय, अन ती म्हनती कशी, कृपया शांत ठिकाणी जाऊन बोला. उसाच्या फडात शांत ठिकान कुटून आनू मी? गाडी आली येळेवर, न्हाई म्हनत न्हाई. पर ते काढून टाक बघ."

"काढते, आक्का. तू आधी आराम कर."

"माजं ऱ्हाऊ दे. आमच्या टोळीत आनखी एक जन हाय, तिचे दिस भरत आलेत. आजच काढ."

तिची लेक मागे जोरजोरात रडत होती. मी हात पुसले, फोन कानाला तसाच ठेवून लॅपटॉप उघडला आणि ते वाक्य शोधायला लागले.