कमलच्या मालात खोट नव्हती

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे हातातली कुसं काढणं. संध्याकाळचे सहा वाजले असतील. खोलीपुढच्या ओट्यावर कमल बसली, बाही वर सारली आणि हात माझ्या मांडीवर ठेवला. फायबरच्या कारखान्यात राबणाऱ्याच्या कातडीत काचेची बारीक कुसं शिरतात. डोळ्याला दिसत नाहीत, पण खाजवून खाजवून जीव जातो. त्यावर आमचा उपाय एकच, चिकटपट्टी दाबून लावायची आणि झटक्यात ओढायची. मी ओढली. "अवो, हळू वढा की. कोंबडी सोलताय का?" ती म्हणाली. मी म्हणालो, "कोंबडी गप तरी बसती." ती हसली आणि दुसरा हात पुढं केला... दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं नळाला हंडा लावला आणि तिथंच खाली बसली. मला वाटलं गुडघा धरला असेल. हंडा भरून पाणी वाहायला लागलं तरी ती नळ बंद करीना, तेव्हा मी उठलो. डॉक्टर आले, हृदय बंद पडलं म्हणाले. त्याला आता दीड महिना होत आला.

वर्तमानपत्राच्या पुरवणीत वारलेल्या माणसाबद्दल चांगलं छापून येतं. कमल माझी बायको, बेचाळीस वर्षं संसार केला, तेव्हा तिच्याबद्दल मी चांगलंच लिहिणार. पण ते खरं व्हायचं तर मला माझ्याबद्दल वाईट लिहावं लागेल. मी चौथी शिकलेला माणूस. लिहिलं मी, शुद्ध नातीनं केलं. वाचून ती म्हणाली, "आबा, हे कशाला छापायचं?" मी म्हणालो, "तू फक्त काना-मात्रा बघ."

आमचं गाव वाघोली. मी तरुणपणापासून फायबरचं काम केलं. पाण्याच्या टाक्या केल्या, बसची सीटं केली, गणपतीची मखरं केली, मग पवनचक्कीची झाकणं आली. काचेची चटई अंथरायची, राळ पाजायची, रूळ फिरवून हवा काढायची. माझ्या हाताखालून निघालेल्या कामात बुडबुडा सापडत नसे, आणि हे मी चारचौघांत बोलूनही दाखवायचो. कमल घरी होती. पोरं मार्गी लागल्यावर पन्नाशीत ती आमच्याच कारखान्यात आली, कारण तोवर जुनी पाती यायला लागली होती. डोंगरावरच्या पवनचक्क्या म्हाताऱ्या झाल्या की त्यांची पाती उतरवतात. लोखंड असतं तर भंगारवाला धावत आला असता, पात्याला तो हात लावत नाही. मग ती कापून ट्रकनं आमच्याकडं यायची. भट्टीत घातली की राळ जळून जाते आणि करडी, मऊ काच उरते. ती निवडायला आठ बायका बसवल्या, त्यात कमल. बाकीच्या डोळ्यांनी निवडत, ही चिमटीत घेऊन चोळायची. तांदळातला खडा बोटाला लागावा तशी राळ राहिलेली काच तिला लागायची. वर्षभरात आठही जणी तिला विचारायला लागल्या.

मला ते काम पटत नव्हतं. नवी काच ती नवी. मी सगळ्यांसमोर म्हणायचो, "उष्ट्या काचेचं पातं कोण वर चढवणार?" ती मान वर न करता म्हणायची, "उष्टं तर तुम्ही रोज माझ्या ताटातलं खाताय. मेलात का?" बायका हसायच्या. मी पण हसायचो, पण आतून मला ते लागायचं.

मग ती वेळ आली. पाती बनवणाऱ्या कंपनीनं आमच्याकडं नमुना मागितला. पात्याच्या बुडाशी आतून एक गोल झाकण बसतं, ते निम्मी जुनी काच घालून करून द्या, टिकलं तर कायमचं काम देऊ. नाही टिकलं तर जुन्या पात्यांचा नुसता चुरा करायचा आणि सिमेंटच्या भट्टीला पाठवायचा, त्याला निवडायची गरज नाही. म्हणजे त्या एका झाकणावर आठ बायकांचं टेबल उभं होतं. इंजिनियर मॅडम माझ्या नातीच्या वयाच्या. सगळ्यांना बोलावून म्हणाल्या, "मिस्त्री, थर तुम्ही लावा, पण मटेरियलचं कमलताईंना विचारा. त्या सांगतील तसं." कमलनं तिथंच सांगितलं, "जुनी काच हवेतलं पाणी पिती. लावायच्या आधी चार तास गरम पेटीत ठेवा. इसरू नका." माझ्या हाताखालची पोरं ऐकत होती. चाळीस वर्षं या कामात काढली आणि मला बायको शिकवणार, इसरू नका म्हणून...

मी विसरलो नाही. हे मला नीट लिहायचंय. विसरलो असतो तर आज हा कागद काळा केला नसता. श्रावणातली दमट हवा होती, जुन्या काचेची चटई हाताला गार लागत होती. मी पेटीकडं बघितलं, बटण दाबलं नाही, आणि तशीच अंथरली. झाकण बिघडावं असं मनात होतं का? तेवढा विचार मी केला नव्हता. मला फक्त तिचं ऐकायचं नव्हतं.

झाकण साच्यातून निघालं तेव्हा त्यावर दुधासारखे पांढरे डाग होते. कंपनीच्या माणसानं नाण्यानं ठोकून बघितलं, जागोजागी बद्द वाजलं. नापास. मॅडमनी विचारलं, "मिस्त्री, पेटीत ठेवलं होतं ना?" मी म्हणालो, "होय." कमल बाजूलाच उभी होती. माझ्याकडं तिनं बघितलं नाही. म्हणाली, "मग माझ्याच निवडण्यात काहीतरी ऱ्हायलं आसंल." पाच बायकांचं काम गेलं, तीन राहिल्या, त्याही तुकडे गोळा करायला. कमल त्यातली एक. पण सुटीच्या वेळेत ती कोपऱ्यात बसून पडून राहिलेली जुनी काच निवडायची, प्रत्येक मूठ दोनदा चोळायची. मी विचारलं, "आता कुणासाठी करतीस?" ती म्हणाली, "चुकलं कुठं ते तरी कळू दे." दोन वर्षं ती तिची चूक शोधत होती. आणि मी समोर बसून डबा खात होतो.

कमल गेल्याच्या दहाव्या दिवशी मंगल भेटायला आली. राहिलेल्या तिघींतली ती एक, कमलची जोडीदारीण, तोंडानं फटकळ. पिठलं-भाकरीचा डबा ठेवला, भिंतीला टेकून बसली. मग म्हणाली, "मिस्त्री, तुमाला एक बोलायचंय. राग आला तर येऊ द्या. ते झाकण पांढरं पडलं ना, तवाच मी कमलताईला म्हणले व्हते, ही पाण्याची खूण हाय, मिस्त्रीनं वाळवलंच न्हाय. मॅडमला सांगू." मी डबा जवळ ओढला. "तर माझ्यावर केवढी चिडली. म्हणली, ह्यांच्या हाताला चाळीस वर्षांत डाग न्हाय. माल माझा व्हता, खोट माझ्यात. परत हे बोललीस तर तुझ्या डब्यातलं खायची न्हाय." मंगल उठली, पदर खोचला. "खरं काय ते तुमालाच ठावं," म्हणाली आणि गेली.

दहा दिवस लोक मला सांगत होते, रडा, मोकळे व्हा. मला रडू येत नव्हतं. त्या दिवशीही आलं नाही. भाकरी तेवढी डब्यात तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कारखान्याचे कपडे घातले. बहीण दारात आडवी आली. "तेरावं व्हायचंय अजून. कुठं निघालास?" "कामाला." "लोक काय म्हणतील?" "म्हणतील ते कमीच आसंल," मी म्हणालो. पाळी सुरू व्हायच्या आत पोचलो. मॅडम आल्या, तिघींतल्या दोघी आल्या, माझ्या हाताखालची पोरं आली. सगळ्यांसमोर सांगितलं, चटई मी वाळवली नव्हती, विचारल्यावर खोटं बोललो, तिच्या मालात खोट नव्हती. मॅडमनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, "काका, हे त्या असताना सांगायचं होतं." मी म्हणालो, "होय." तो परत घालून त्या म्हणाल्या, "मी कंपनीला लिहीन. पुन्हा नमुना घेतील की नाही, माहीत नाही. आणि घेतलाच तर नमुन्यापुरता निवडलेला माल आहे कुठं?"

कोपऱ्यात न निवडलेल्या करड्या काचेचं पोतं होतं. मी त्यातली मूठभर काच घेतली, खाली बसलो आणि चिमटीत धरून चोळायला लागलो. मंगल येऊन समोर बसली. तासाभरानं मी निवडलेला ढीग तिच्याकडं सरकवला. तिनं त्यातली एक मूठ उचलली, बोटांत फिरवली आणि माझ्यापुढं टाकली. "ह्याच्यात राळ हाय, मिस्त्री. परत निवडा."

मी परत निवडायला घेतली.