तस्नीमने जुळवलेली नावं

रत्नागिरीच्या राजिवड्यातल्या अली सोलकरांना घशाचा कॅन्सर झाला, तेव्हा त्यांची मुलगी तस्नीम पुण्याच्या एका कंपनीत प्रोग्रॅम लिहायचं काम करत होती. अलींची उमेदीची वर्षं जहाजांवर गेली. कुवेतच्या दवाखान्यात त्यांचं नाव अली इब्राहिम हसन असं लागलं होतं, मुंबईत सोलकर अली इब्राहिम, आणि रत्नागिरीत काउंटरवरच्या माणसाने घाईत अल्ली सोलकर करून टाकलं. प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर निघे आणि प्रत्येक डॉक्टर विचारत, "याआधीचं काही आहे का?" तस्नीम पिशवीतून कागद काढून देत राही. अब्बा वाचले. आवाज मात्र गेला तो गेलाच. आता ते कुजबुजल्यासारखं बोलतात आणि कुणाला हाक मारायची असली की टाळी वाजवतात.

तस्नीम पुण्याला परत गेली नाही. रत्नागिरीतल्या एका धर्मादाय रुग्णालयात डॉ. समीक्षा भाटकर पेशी तपासून निदान करायच्या. जिल्ह्यातल्या कॅन्सरच्या रुग्णांची एकत्र नोंद ठेवावी, त्यावरून कुठे कोणता कॅन्सर किती आणि का, ते शोधावं, अशी त्यांची फार दिवसांची इच्छा होती. एका संशोधन संस्थेचं अनुदान त्यांना मिळालं आणि त्या अनुदानावर तस्नीम नोकरीला लागली.

काम सांगायला सोपं होतं. तपासणी शिबिरं, सरकारी दवाखाने, खाजगी लॅब इथून येणाऱ्या नोंदींतला एकच माणूस ओळखायचा. बाहेरची तयार सॉफ्टवेअर नाव, वडिलांचं नाव, आडनाव बघून जुळवत. पण आपल्याकडे बाईचं लग्न झालं की तिन्ही बदलतात. तेव्हा तस्नीमने जो प्रोग्रॅम लिहिला तो नावावर फार भरवसा ठेवत नसे. वाडी, वय, नमुना कधी घेतला, फोन कुणाचा दिला, हे सगळं तो एकत्र तोलायचा आणि सांगायचा, या दोन नोंदी बहुधा एकाच बाईच्या असाव्यात.

अनुदानाची मुदत संपत आली तरी वाढवून मिळण्याचं काही नक्की होईना. जिल्हा लहान, रुग्ण कमी, तयार सॉफ्टवेअर असताना वेगळं कशाला, असे शेरे संस्थेच्या समितीकडून आले. रुग्णालयाने सांगून टाकलं, जूनअखेर हे बंद करावं लागेल. हफीजा, म्हणजे तस्नीमची आई, रोज एकच बोलायची, "पुण्यावाले अजून बोलावतायत ना? मग जा गो. हितं कुणासाठी थांबलीस?" तस्नीमने पुण्याला होकाराचा मेल लिहिला होता, फक्त पाठवला नव्हता.

मे महिन्यात समितीने डॉ. अभय मोरे नावाच्या संख्याशास्त्रज्ञांना प्रत्यक्ष पाहणीसाठी पाठवलं. साठीचे, सावकाश बोलणारे गृहस्थ. नावं झाकून, नुसत्या क्रमांकांवर तस्नीमने त्यांना प्रोग्रॅम चालवून दाखवला. पडद्यावर जोड्या येत गेल्या. एका जोडीवर त्यांनी बोट ठेवलं.

"हिच्यात एका नोंदीत कॅन्सरची सुरुवात आहे म्हणून रिपोर्ट आहे. दुसरीत नुसती शिबिरातली तपासणी. तुमचा प्रोग्रॅम म्हणतो, ही एकच बाई. खरंच आहे का?"

"तसं वाटतं," तस्नीम म्हणाली.

"वाटतं हे प्रोग्रॅमने सांगितलं. तुम्ही बघितलंत का?"

"नाही सर. या जोड्या गेल्याच आठवड्यात निघाल्या."

त्यांनी फक्त मान हलवली आणि चहा घेऊन संध्याकाळच्या गाडीने निघून गेले. तस्नीमला वाटलं, संपलं सगळं. पण त्याहून जास्त तिला दुसरंच काही लागून राहिलं. जोडी खरी असेल, तर कुठेतरी एक बाई आहे आणि तिला आपल्या रिपोर्टचा पत्ताच नाही.

डॉ. समीक्षांनी नोंदींवरची नावं उघडली. लॅबच्या रिपोर्टवर चंपा बाबाजी जाधव. शिबिराच्या नोंदीत सावित्री केरू तांबे. गाव हेदवीजवळची एक वाडी. दिलेला फोन लागत नव्हता.

"सकाळी निघू," समीक्षा म्हणाल्या. "रिपोर्ट माझ्या सहीचा आहे. मलाच सांगायला हवं."

जयगडला त्यांनी गाडी फेरीबोटीत चढवली आणि तवसाळला उतरून हेदवीचा रस्ता धरला. वाडीत विचारल्यावर लोकांनी तांब्यांचं घर लगेच दाखवलं. अंगणात पन्नाशीची एक बाई आमसुलं वाळत घालत होती. हात लालभडक.

"सावित्रीताई का?" समीक्षांनी विचारलं.

"व्हय."

"आणि आधार कार्डावर?"

"चंपा. ता माहेरचा नाव. बदलायचा राहिला तो राहिलाच." मग तिने दोघींकडे नीट बघितलं. "तुमी कोण?"

समीक्षांनी ओळख दिली आणि रिपोर्टचं सांगितलं. सावित्रीचे हात थांबले. शिबिरात तिच्या गालातल्या पांढऱ्या चट्ट्याचा तुकडा तपासायला काढला होता. नोंद करणाऱ्याने ती सांगेल ते नाव लिहिलं आणि नमुन्याच्या बाटलीवर आधार कार्डावरचं.

"मी दवाखान्यात इचारायला गेलेली," ती म्हणाली. तिचा आवाज चढला. "दोनदा गेली. म्हणले, सावित्री तांबे नावाचा रिपोर्ट नाय. मला वाटला, नाय म्हणजे काय झालेला नाय. आनि आता येताय तुमी?"

तिचा नवरा केरू आतून बाहेर आला. त्याने त्यातलं जेमतेम अर्धं ऐकलं होतं. "जयभीम, बसा," एवढं म्हणून तो पायरीवर टेकला. तस्नीमला काहीतरी धीराचं बोलावंसं वाटत होतं, पण तोंडातून निघालं ते एवढंच, "माझ्या अब्बांनाही झाला होता. आता ते घरी आहेत. भांडतात सुद्धा."

सावित्रीने तिच्याकडे बघितलं. "कुठे झालेला?"

"घशात."

"जेवतात?"

"माशाचं कालवण लागतं रोज."

सावित्रीने हात पुसले, तोंड उघडलं आणि समीक्षांना म्हणाली, "बघा."

चट्टा वाढला होता, पण मानेत गाठ लागत नव्हती. तरी खात्री स्कॅनशिवाय व्हायची नव्हती. दुसऱ्या दिवशी केरू तिला घेऊन रत्नागिरीला आला. स्कॅन होईपर्यंत तस्नीम त्यांच्याबरोबर बाकावर बसून राहिली. केरू सारखा उठून पाणी प्यायला जात होता, पण पीत नव्हता. समीक्षा बाहेर आल्या त्या थेट सावित्रीजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "पसरलेलं नाही. गालातलं तेवढं काढायचं. कोल्हापूरला करू. सरकारी योजनेत बसतं."

केरू मोठ्याने रडायला लागला. सावित्री त्यालाच समजावत बसली. तस्नीम जिन्यात गेली, भिंतीला टेकली आणि कितीतरी वेळाने तिने पोटभर श्वास घेतला.

मग तिने आणि समीक्षांनी बाकीच्या जोड्याही तपासल्या. काही चुकीच्या निघाल्या. दोन जावांना प्रोग्रॅमने एक केलं होतं, कारण घरात फोन एकच. तस्नीमने बरोबर निघालेलं आणि चुकलेलं, दोन्ही डॉ. मोरेंना कळवलं. त्यांचा फोन आला.

"त्या बाईंवरून अनुदान देता येत नाही, हे तुम्हाला कळतं ना?"

"हो सर."

"पण कुठे चुकतं आणि का चुकतं, हे आता तुम्हाला माहीत आहे. त्यावर देता येतं. मी तसं लिहिलंय."

मंजुरी जूनच्या शेवटच्या आठवड्यात आली. आणखी तीन वर्षं, आणि अट एकच, प्रोग्रॅम शेजारच्या जिल्ह्यांनाही वापरायला द्यायचा. तस्नीमने घरी फोन केला. हफीजा म्हणाली, "बरा झाला. पापलेट आणू?" मागे अब्बांची टाळी ऐकू आली. तस्नीमने पुण्याचा मेल पुसून टाकला.

सावित्रीची शस्त्रक्रिया नीट झाली. टाके काढल्यावर तिने समीक्षांच्या फोनवर फोन लावला. शब्द अजून थोडे जड येत होते.

"डाक्टरीन बाय, सोलकढी पिऊ काय?"

"प्या की. मिरची नको."

"मिरचीशिवाय काय ती कढी?" सावित्री कुरकुरली. समीक्षांनी फोन तस्नीमकडे दिला, आणि मिरची नक्की कधीपासून चालेल यावर दोघी बराच वेळ हुज्जत घालत राहिल्या.