सदाची बोट आणि माझा ब्लोअर

आधी हातातला चहा खाली ठेवा. मागे हे ऐकताना एकाच्या नाकातून चहा आला होता, आणि शिव्या मला खाव्या लागल्या! आता स्वतःचा गाढवपणा स्वतःच्या तोंडाने सांगायचा म्हणजे... पण तुम्ही थोडेच सोडणार!

तेव्हा मी कणकवलीत एका शेठची लॉरी चालवायचो. साधीसुधी नव्हे हां! लढाईतली, लिलावात घेतलेली. इंजिनाला ब्लोअर! ब्लोअर म्हणजे काय? बाकीची इंजिनं आपली आपण हवा ओढतात, जमेल तेवढी. हिचा ब्लोअर बाहेरची हवा धरून आत कोंबायचा. जितकी हवा, तितका जोर! असली गाडी अख्ख्या तालुक्यात दुसरी नव्हती. आणि असला ड्रायव्हरही नव्हता, हे मीच सगळ्यांना सांगत फिरायचो.

ब्लोअरचा मूळचा फिल्टर लिलावाआधीच कुणीतरी पळवलेला. रस्ते तर तांबड्या मातीचे. धुरळा आत जाऊ नये म्हणून मी ब्लोअरच्या तोंडाला जुन्या धोतराचं कापड चौघडी करून बांधायचो. अक्कल माझी, धोतर सासऱ्याचं.

तर माझा मेव्हणा सदा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. कणकवलीत सायकलच्या दुकानात पंक्चर काढायचा. त्याला मुंबईच्या एका मोटार वर्कशॉपमधून बोलावणं आलं. परवा सकाळी दहाला हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्याला! मालवणहून दुसऱ्या दिवशी दुपारी बाराची बोट मिळाली तरच पोचणार. पुढची बोट तीन दिवसांनी.

बिचारा सकाळी एस.टी.त जाऊन बसलासुद्धा होता. मी त्याला दंडाला धरून खाली उतरवला.

"माझी लॉरी असताना तू एस.टी.न जातलंस? लोक माका काय म्हणतीत?"

"पण भावोजी, बोट चुकली तर?"

"अरे ब्लोअर आसा! एस.टी.च्या आधी पोचवतंय तुका!"

निघालो. बाजूला सदा, मागे हौद्यात नारळाची पोती, भावाला पोचवायला आलेली माझी बायको चंद्रा, आणि मालवणला जाणारी आठ-दहा माणसं. त्यांत आमच्या गावचे आबा गावकर, देवाला गाऱ्हाणं घालण्यात ज्यांचा हात धरणारा कोणी नाही.

सपाटीवर गाडी बरी चालली. जराशी मंद वाटली, पण म्हटलं, माणसं जास्त आहेत. आणि मग आली मालवणच्या अलीकडची घाटी.

गाडी अर्धी चढली नि धापा टाकायला लागली! मी पेडल तळाला नेलं, जोर म्हणून नाही. मागून धूर मात्र काळाकुट्ट! एस.टी. हॉर्न वाजवत आम्हाला ओलांडून गेली. सदा तिच्याकडे असा बघत राहिला की मला त्याच्याकडे बघवेना.

"डिझेलात भेसळ!" मी जाहीर केलं. नळी सोडली, डिझेल चाखलं. होय, चाखलं! दिवसभर ढेकर येत होते.

डिझेल चांगलं निघालं. मग म्हटलं, डिझेलच्या पंपात हवा धरली. पंप सोडला, हवा काढली, परत लावला. गाडी चार हात पुढे, परत धापा!

"भावोजी," सदा हळूच म्हणाला, "काळो धूर म्हणजे इंजिनाक हवा कमी पडता काय?"

"सदा, ही सायकल न्हय! पंप मारलो नि झाला, असा नसता. ब्लोअर आसा तो, ब्लोअर! हवा कमी कशी पडात?"

बिचारा पाने गोळा करायला लागला.

मग मी भार कमी केला. पोती उतरवली, माणसं उतरवली. चंद्रा उतरताना म्हणाली, "माका उतरवन काय होतला? मी काय पोत्याएवढी आसंय?" मी आपला घाईघाईने स्टिअरिंगवर जाऊन बसलो. सगळ्यांनी मागून ढकलली. गाडी ढिम्म! अकरा वाजून गेले. बंदर अजून चार मैल.

तेव्हा मी काय केलं असेल? इतका नामांकित ड्रायव्हर मी! मी म्हटलं, "आबानूं, दोष गाडीत नाय. ह्या घाटीच्या राखणदार देवाचा कायतरी देणा ऱ्हवला आसा. घाला गाऱ्हाणा!"

आबा तयारच होते. पोत्यातला एक नारळ घेतला, रस्त्याच्या कडेला उभे राहिले. माणसं हात जोडून मागे, गाडी तशीच धापा टाकत चालू.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्यो बाबलो तुझ्या वाटेत गाडी घेवन इलो, त्याच्या हातसून काय चूकभूल झाली आसात..."

"व्हय म्हाराजा!"

"...ती पदरात घे, गाडी वर चढव, आणि सदाक बोट गावांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आणि काय सांगू! त्याच क्षणी माझ्या लॉरीने अशी डरकाळी फोडली की आबांच्या हातातला नारळ सुटून घाटीखाली गडगडत गेला! धूर एकदम निवळ! माणसांनी जमिनीला डोकी टेकली.

"पावलो! राखणदार पावलो!" मी नाचायलाच लागलो.

"भावोजी..." बॉनेटपाशी सदा उभा होता. गाऱ्हाणं चालू असताना त्याने गुपचूप ब्लोअरच्या तोंडाचं कापड सोडून हातानेच इंजिनाला रेस दिली होती. ते त्याने माझ्यासमोर धरलं. कापड कसलं? पत्रा! त्याने बोटाने वाजवलं. टक टक! "ह्याच्यातसून हवा जातली कशी?"

मी बघतो तर कापडाला खळ! कडक खळ! वीण पार बुजून गेलेली. मी भडकलो. सगळ्यांच्या देखत ओरडलो, "खंयच्या गाढवान ह्या कापड खळीत घातला?"

चंद्रा कमरेवर हात ठेवून पुढे आली.

"अवो, काल मी सदाचे कपडे पेजेच्या खळीत घालत होतंय. तुमी ह्या कापड हाडून माझ्या हातात दिलात. 'ह्याका पण घाल, चांगला कडक कर, उद्या गाडी झळकाक व्हयी' म्हणान कोण म्हणाला? तुमीच मां?"

आणि मागून सगळी माणसं एका सुरात, "व्हय म्हाराजा!"

आवशीचो घो! राखणदार कुठे असेल तर तोही हसून लोळला असेल.

पण लाजायला वेळ कुठे होता? पोती तिथेच टाकली, माणसं कोंबली आणि अशी हाणली गाडी, अशी हाणली! ब्लोअर उघड्या तोंडाने गात होता. बंदरावर पोचलो तर बोटीचा भोंगा झालेला, खोल पाण्यातल्या बोटीकडे माणसं नेणारी शेवटची होडी काठ सोडून निघालेली. मी सदाची ट्रंक डोक्यावर घेतली, छातीभर पाण्यात शिरलो, ट्रंक होडीत टाकली, मागोमाग सदाला टाकला. बोट मिळाली! मी पाण्यातच उभा राहून ओरडत होतो आणि किनाऱ्यावर चंद्रा रडत होती, हसत होती, दोन्ही.

पंधरा दिवसांनी सदाचं पत्र आलं. चंद्राने ते अंगणात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. सदाने लिहिलं होतं:

'ताई, नोकरी लागली. साहेबांनी एकच प्रश्न विचारला. गाडी ओढत नाही, काळा धूर सोडते, आधी काय बघशील? मी आपली आपल्या घाटीवरची हकीकत सांगितली, पेजेसकट. साहेब डोळे पुसेपर्यंत हसले. मग म्हणाले, तुझे भावोजी अजून गाडी चालवतात? मी म्हटलं, हो, रोज चालवतात. तेव्हा साहेबांनी लगेच सही केली. म्हणाले, मग तू निर्धास्त राहा. असे ड्रायव्हर आहेत तोवर आपलं वर्कशॉप काही बंद पडत नाही.'