जांभळीच्या वळणावरचा फोन

आमच्या घरात मोबाइलला रेंज येत नाही. गुंद गावाच्या अलीकडं, जंगलात आत आमची वस्ती. फोन करायचा तर चढ चढून जांभळीच्या वळणावर जावं लागतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी तिथं कधी गेलोच नव्हतो. सुट्टीवर आल्यावर फोन करणार कुणाला? जिला करायचा ती समोर चुलीपुढं बसलेली.

या सुट्टीत मात्र जाणं भाग होतं. माझी नोकरी संपत आली होती आणि आणखी दोन वर्षं राहता का, असं पलटणीनं विचारलं होतं. कागद नंतर, आधी हो की नाही ते फोनवर कळवा, असं क्लार्कनं बजावलं होतं.

लोकांना वाटतं, फौजी म्हणजे ठाम माणूस. मला काही तसं वाटत नाही. कधी उठायचं, काय घालायचं, कुठं जायचं, हे पलटणीत दुसराच कुणीतरी ठरवतो आणि माणसाला त्याची सवय लागते. मी बर्फात पहारा दिला, त्याचं गावात फार कौतुक. पण तिथं निदान कुठं उभं राहायचं ते ठाऊक होतं. घरी तेच कळत नव्हतं. मी पोचायच्या आधीच भात कापून, झोडून कणगीत भरून झालं होतं. मग मी गोठ्यात उगाच हुकूम सोडत फिरलो. बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि तिला करायचं होतं तेच केलं. मला रागही आला आणि हसूही. खरं सांगायचं तर कायमचं घरी यायची मला भीतीच वाटत होती.

तिला विचारलं, तर म्हणाली, तुमचं तुम्ही बघा. पुन्हा विचारलं, तरी तेच. हिला मी नकोच आहे की काय, असंही एकदा मनात येऊन गेलं. फोनवर तरी ती कधी ‘या’ म्हणाली होती? भात, गाय, पाऊस, सगळं बरं हाय, ठेवते.

शेवटी आम्ही दोघं वळणावर गेलो. तिथं चिऱ्यांवर गावातल्या तीन-चार बायका आपापले फोन घेऊन बसल्या होत्या. मला बघताच शेजारच्या अक्कानं विचारलं, गुडघा आता बरा आहे का? दुसरीनं आमच्या पलटणीच्या लंगरमधल्या नव्या आचाऱ्याची चौकशी केली. मी बघतच राहिलो. आवाज नीट येत नाही म्हणून इथं सगळ्याच स्पीकर लावून बोलतात. मी तिकडून जे जे बोललो, ते या सगळ्यांनी बसून ऐकलेलं होतं. आणि बायको जे बोलली, तेही. नवऱ्याशी मनातलं बोलायला तिला इतक्या वर्षांत जागाच नव्हती. भाताशिवाय ती बोलणार तरी काय होती? मग घरीसुद्धा तसं बोलायची सवय मोडली असणार. मला फार वाईट वाटलं.

क्लार्कला फोन लागला. आवाज तुटत होता, म्हणून मीही स्पीकर लावला. तो मराठीच माणूस, पण घाईत होता. हो की नाही ते सांगा, मला आज नावं पाठवायची आहेत, म्हणाला. बायकांनी आपापले फोन खाली घेतले. मी बायकोकडं बघितलं. तिनं सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली, पदर सारखा केला आणि फोनजवळ येऊन मोठ्यानं म्हणाली,

“न्हाई म्हणून लिवा. आमास्नी घरी पायजेत ते.”

कोण बोलतंय, असं क्लार्कनं विचारलं. मी म्हणालो, माझी बायको, ती सांगते तेच लिहा.

तिनं फोनवर मला घरी बोलावलं ते त्या दिवशी पहिल्यांदा, आणि ते ऐकायला मी तिच्या शेजारीच उभा होतो.