उभ्या माणसाची भीती

आमच्या शेजारच्या विणकराकडे गेलं की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं, "बस ना गा, उभा काहून?" समोरचा बसेपर्यंत तो पुढे बोलायचाच नाही. सदर भागातल्या कचेरीत गोऱ्या साहेबासमोर दिवसभर उभा राहून आलेल्या मला हे अगत्य वाटायचं. फक्त चहापाण्याचं तो कधीच कसा विचारत नाही, याचं कुतूहल होतं.

मग कळलं, अगत्य माझं नव्हतंच. मोकाट कुत्री धरणाऱ्या फासेवाल्यांच्या दोरीतून त्यानं सोडवून आणलेली एक पिवळी कुत्री होती. उभा माणूस दिसला की ती थरथर कापायची. विणकर हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून जमिनीवर बसायचा, म्हणजे तिच्याच उंचीचा. ती त्याच्या पायांशी लपायची. बसलेल्यांचे हात मात्र हळूहळू हुंगू लागली होती.

एकदा लुगडी घेणारे शेठजी आले. ते आले की यानं उठून हात जोडून उभं राहायचं, हा शिरस्ता. त्या दिवशी तो उठला नाही. विणायचा धोटा बाजूला ठेवून म्हणाला, "शेठजी, बसा जी. कुत्री उभ्या माणसाले भेते."

शेठजींनी इकडेतिकडे पाहिलं, धोतर आवरलं आणि ते चक्क जमिनीवर बसले. कुत्री खड्ड्यातून वर आली, तिनं त्यांचा अंगठ्या घातलेला हात हुंगला आणि ती तिथेच आडवी झाली.

मी सहज खड्ड्यात डोकावलो. माग थांबला होता, पण विणकराचे पाय लटलट कापत होते.