कुणालाही उघडणारी यादी

नाते गावची शर्मिला महाडच्या एका खासगी दवाखान्यात बारा वर्षं नोंदी ठेवतेय. कॉम्प्युटरचा कोर्स केलेला, म्हणून पेशंटच्या नोंदींचं सॉफ्टवेअर तिनं स्वतःच बनवलं. आयकॉनवर क्लिक केलं की सगळी यादी समोर. पासवर्डची भानगड तिनं ठेवलीच नव्हती.

एका दुपारी ती औषध आणायला आत गेली. परतली तेव्हा स्क्रीन पेशंटच्या बाकाकडे वळलेली होती आणि बाकावर उमरठचा सयाजी बसला होता. तिनं ते मनावर घेतलं नाही.

आठवड्याभरात सयाजीच्याच गावची चंद्रभागा तिच्यासमोर येऊन रडली. ‘बाई, माजा टीबी तुमी नि डॉक्टरीणबाई सोडून कुनाला ठाव नव्हता. आता सगल्या गावाला कळलाय. सासूनं माजं ताट येगळं केलंय.’

शर्मिलाला खोटं बोलवेना. ‘चूक माझीच. मशीन उघडी टाकून गेले होते.’

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘बाहेरून कुणाला तरी बोलवू.’

‘नको. दार मी उघडं टाकलं, कडीही मीच लावणार.’

दुसऱ्याच सकाळी तिनं लॉगिनचा फॉर्म करायला घेतला. नाव आणि पासवर्ड असे दोन चौकोन, खाली बटण. पासवर्डची अक्षरं उघडी दिसत होती. सेटिंग शोधून तिनं त्यांचे ठिपके केले. मग डॉक्टरीणबाईंनी काहीच न टाकता कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक केलं, तर मागची यादी खुशाल उघडली! शर्मिलाचा चेहरा उतरला. तिनं ते सगळं पुसलं आणि नव्यानं लिहिलं: पासवर्ड जुळल्याशिवाय यादी तयारच होणार नाही. पण त्या दुपारी तर यादी तिनंच उघडलेली होती. म्हणून खुर्चीवरून उठताना दाबायला एक बटण केलं, आणि ते दाबायला विसरलं तरी अर्धं मिनिट की-बोर्डला हात लागला नाही की लॉगिन आपोआप परत येईल अशी सोय केली.

रविवारी, चंद्रभागेला विचारून, ती पोलादपूरमार्गे उमरठला गेली. सासू रंगूबाई ओटीवर तांदूळ निवडत होती. शर्मिलानं आधी आपली चूक सांगितली, मग डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी वाचली: औषध नीट चालू आहे, तपासणी चांगली आली आहे, ताटावाटीनं टीबी लागत नाही.

‘मंग आमाला आदी कुनी का नाय सांगितलं?’

‘आता मी सांगतेय ना. तिला वेगळं बसवू नका, औषध मात्र चुकू देऊ नका.’

रंगूबाईनं पुन्हा तांदूळ निवडायला घेतले. पण पुढच्या महिन्यात सुनेबरोबर ती स्वतः दवाखान्यात आली. शर्मिलानं पासवर्ड टाकायला की-बोर्ड पुढे ओढला.

‘आजी, जरा तिकडं बघा हं.’

रंगूबाईनं निमूट मान वळवली.